टिळा येथे लावावा

प्रत्येक हार्ड डिस्कचे एक तांत्रिक माहितीपत्रक असते. ते कोणी वाचत नाही. ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, उभ्याने आणि मोठ्या आवाजात वाचणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो आणि त्या तिथल्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागाच्या प्रमुख होत्या. कारखान्यातली सगळी मोजमापाची यंत्रे आणि संगणक त्यांच्याकडे. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मीही तेच म्हणत असे.

माझ्या स्टोअरला एक खिडकी होती. माल नेणाऱ्याने खिडकीशी यायचे, सही करायची, माल घेऊन निघायचे. व्यवहार एवढाच. मॅडम मात्र सही आधी करत नसत. त्या पिशवीतून चष्मा काढत, माहितीपत्रक नाकासमोर धरत आणि सुरू करत.

"आकार, साडेतीन इंच. क्षमता, एक टेराबाइट. तबकडी फिरण्याचा वेग, मिनिटाला सात हजार दोनशे फेरे."

मागे रांग लागे. हातमोजे, गास्केट, बोल्ट न्यायला आलेली माणसे ताटकळत. एकदा एक फिटर म्हणाला, "मॅडम, सत्यनारायण आहे का? प्रसाद कधी मिळणार?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. "चौथा अध्याय सुरू आहे बापू. हात जोडून उभं राहा."

तो खरोखर हात जोडून उभा राहिला. वाचन पूर्ण झाले.

त्या वऱ्हाडातल्या. पालघरला भाड्याच्या घरात एकट्या राहत आणि कंपनीच्या बसने येत. सुती साडी, पायात पुरुषी बूट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत नेहमी एक घडी केलेली शाल. ती शाल अंगावर घेण्यासाठी नव्हती. डिस्क एका इमारतीतून दुसरीकडे न्यायची झाली की ती शालीत गुंडाळून, पोटाशी धरून नेत. मुकादम म्हणत, मॅडमचे बारसे निघाले.

आमची ओळख एका तक्रारीमुळे झाली, आणि तक्रार माझी होती. मागणी एक हजार गिगाबाइटची. माल आला, संगणकाला जोडला, तर पडद्यावर नऊशे एकतीस दिसले. मी स्टोअरकीपर. आलेला माल मागणीपेक्षा कमी भरला तर तुटीची चिठ्ठी फाडायची, हा नियम. मी फाडली. खरेदी विभागात दिवसभर हसणे चालले होते. संध्याकाळी मॅडम स्वतः खिडकीशी आल्या. त्या हसत नव्हत्या.

"भाऊ, ही चिठ्ठी तुम्ही फाडली?"

"हो. माल कमी आहे."

"इतक्या लोकांनी डिस्क लावल्या, पण भरली किती हे पाहणारे तुम्ही पहिले." मग त्यांनी समजावले. बनवणारा हजाराने मोजतो, संगणक एक हजार चोवीसने मोजतो. माल तेवढाच, मापे दोन. आंब्याचा शेकडा शंभराचा नसतो, त्यात वरचे आंबे धरतात, हे मला ठाऊक होते. त्यामुळे हेही पटले. मी चिठ्ठी रद्द केली. त्यांनी ती रद्द झालेली चिठ्ठी मागून घेतली आणि आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. कोणी विचारले तर सांगत, "हे मोजून घेणाऱ्या माणसाचं काम आहे." त्या दिवसापासून त्या मला भाऊ म्हणत आल्या.

माहितीपत्रकातल्या काही ओळींवर त्यांचा विशेष जीव होता. आर्द्रतेची ओळ आली की त्या थांबत, बाहेर वसाहतीच्या ओल्या, आंबूस हवेकडे पाहत, आणि ती ओळ पुन्हा वाचत. "पाच ते पंच्याण्णव टक्के. दव धरता कामा नये. लोक नेमकी हीच ओळ गाळतात भाऊ, आणि समुद्र तर इथे दाराशी आहे." उंचीची ओळही तशीच. समुद्रसपाटीच्या खाली तीनशे मीटरपासून वर तीन हजार मीटरपर्यंत ही डिस्क चालेल, असे तिथे छापलेले असे. "म्हणजे तुमच्या सातपाटीला पाण्याखालीही चालेल म्हणते ही," त्या म्हणाल्या. आमचे घर सातपाटीचे, मच्छीमारांचे, हे त्यांना माहीत होते.

डिस्कला उंचीशी काय करायचे आहे, असे मी विचारले. तबकडी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवा फिरते, त्या म्हणाल्या, आणि वाचणारे हेड त्या हवेच्या थरावर तरंगते. तबकडीला टेकत नाही. टेकले की संपले. उंच डोंगरावर हवा विरळ, तिथे हेड खाली बसेल.

"म्हणजे ही डबी हवाबंद नाही?"

"नाही भाऊ. हिला श्वास आहे." त्यांनी लेबलाशेजारचे टाचणीएवढे छिद्र दाखवले. त्याखाली इंग्रजीत छापले होते की हे छिद्र झाकू नये. आत गाळणी असते. आतली हवा बाहेरच्या हवेशी बरोबरी राखते. मी पाहिले आणि विसरलो.

धक्क्याच्या ओळी दोन असत. चालू असताना डिस्क किती धक्का सोसते ती एक, बंद असताना किती सोसते ती दुसरी. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट. बंद असताना हेड तबकडीवरून बाजूला जाऊन आपल्या जागेवर बसलेले असते, म्हणून. या दोन ओळींवर मॅडमनी अख्खा कारखाना चालवला म्हटले तरी चालेल. आमच्या प्लांट मॅनेजरांना बोलताना टेबलावर हात आपटायची सवय होती. एकदा कंट्रोल रूममध्ये, जिथून रिअ‍ॅक्टरच्या तापमानावर नजर ठेवतात तिथे, ते एका ऑपरेटरवर संतापले आणि हात वर गेला.

"साहेब, टेबलावर नको. डिस्क चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

हात तसाच वर राहिला. मग साहेबांनी तो खाली घेऊन पाठीमागे धरला. पुढचे रागावणे त्यांना हात मागे बांधून करावे लागले, आणि तसे रागावणे फार काळ टिकत नाही. मॅडमनी त्या टेबलावर सूचनाच लावली. तेव्हापासून ज्याला साहेबांची बोलणी खायची असतील तो कंट्रोल रूममध्येच जाऊन उभा राहू लागला.

माणसांनाही त्या हाच नियम लावत. कामावर असलेल्याला वाईट बातमी उभ्याउभ्या सांगायची नाही. आधी त्याच्या हातातले काम काढून घ्यायचे, त्याला बसवायचे, चहा द्यायचा. "आधी हेड जागेवर बसू द्या," असे त्या म्हणत. एका हमालाचे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी तो मुकादमाकडून स्वतःकडे घेतला, हमालाची गाडी भिंतीला लावली, त्याला बाकावर बसवले, चहा संपेपर्यंत शेजारी बसल्या आणि मग सांगितले.

बोईसर स्टेशनवर रिक्षात चौथा प्रवासी त्या बसू देत नसत. "क्षमता तीन," एवढेच म्हणत. रिक्षावाला म्हणे, "अरे मॅडम, थोडा खिसको ना, ये तो दुबला आदमी है." मॅडम म्हणत, "दुबला है, पर चौथा है." शेवटी रिक्षावालेच त्यांना पाहून ओरडू लागले, "तीनवाली मॅडम, आओ." कारखान्यात लोक हसत, पण ज्याला नीट बसून जायचे असे तो त्यांच्याच मागे उभा राही.

आता दसऱ्याचे सांगतो.

वसाहतीत दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. बॉयलरला हार, पंपाला हळदकुंकू, तराजूला नारळ. माझा धाकटा भाऊ कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होता. त्याला तिथे मीच लावला होता. वडील गेल्यावर आमची होडी विकली. मी आधीच नोकरीत होतो, त्याला समुद्राखेरीज काही येत नव्हते. तो कंत्राटावर लागला, शिकला, बरे काम करू लागला. त्या वर्षी त्याचे नाव कायम करायच्या यादीत होते आणि मॅनेजरांची सही व्हायची होती. त्याने दसऱ्याला संगणकाच्या पडद्याला झेंडूची माळ घातली, हे मी पाहिले होते. आणखी काय केले ते पाहिले नव्हते.

दिवाळी तोंडावर आली आणि त्या संगणकाची डिस्क गेली. आदल्या दिवसापर्यंतच्या नोंदी मॅडमनी दुसरीकडे उतरवून ठेवल्या होत्या. त्या दिवसाच्या बॅचचे तापमान मात्र कुठेच राहिले नाही. बॅच अडकली. परदेशी ग्राहकाचे तपासनीस येणार होते. मॅनेजरांनी संगणकाच्या डब्याचा स्क्रू सैल पाहिला आणि जाहीर केले, डबा ज्याने उघडला तो आज संध्याकाळी फाटकाबाहेर असेल.

दुपारी मॅडम माझ्या खिडकीशी आल्या. पोटाशी शाल होती.

"भाऊ, खिडकी बंद करा. बसा. चहा सांगितला आहे."

चहाचे ऐकले आणि मला कळले.

चहा संपल्यावर त्यांनी शाल उलगडली. डिस्कच्या झाकणावर शेंदराचा उभा, जाड टिळा होता, वरच्या टोकाला किंचित डावीकडे वळलेला. छिद्र त्याच्या बरोबर खाली होते. तेलातला शेंदूर त्यात घट्ट बसला होता.

"हे बोट ओळखता?"

आमच्या घरात होडीला असाच टिळा लावत. मी म्हणालो, "माझ्या भावाचे आहे."

"बोलवा."

तो आला. त्याने डिस्क पाहिली आणि लपवले काही नाही. "मीच लावला, मॅडम."

"आत कशाला?"

"होडीची पूजा करताना आमी नुसत्या फळीला टिळा लावून उतरतो काय? खाली इंजिन हाय, त्याला पण लावतो. वरचा डबा तर पत्रा हाय. राबतो तो आत."

"आणि तेलात कालवून?"

"हां. सुका लावला तर पडेल ना. देवाचा टिळा पडायला नको."

मॅडमनी त्याला छिद्र दाखवले आणि ते कशासाठी असते ते सांगितले. सांगताना आवाज चढला नाही. त्याने छिद्राशी बोट नेले.

"म्हंजे मीच मारलं याला?"

"माहीत नाही. त्यानेच गेली असं मला सांगता येत नाही. छिद्र झाकलेलं होतं, एवढं दिसून राहिलं. तेवढं मला लिहावं लागेल."

"लिवा. खोटं नका लिवू." मग तो म्हणाला, "पण मॅडम, परत जायला आमची होडी पण नाय आता."

जे आहे त्याहून कमी किंवा जास्त लिहा, असे त्यांना सांगणे मला जमले नसते, आणि शोभलेही नसते. मॅडमनी डिस्क पुन्हा शालीत गुंडाळली.

मॅनेजरांच्या केबिनमध्ये मला बोलावणे आले, कारण डिस्क स्टोअरमधून गेल्याचे कागद माझ्याकडे होते. माझा भाऊ दाराशी उभा. मॅडमनी शाल टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि माहितीपत्रक काढले.

"आकार, साडेतीन इंच."

"मॅडम, मुद्द्यावर या," मॅनेजर म्हणाले.

"मुद्दा शेवटच्या ओळीत आहे साहेब. शेवटची ओळ शेवटी येते."

आणि त्यांनी सगळे वाचले. क्षमता, वेग, तापमान, आर्द्रता, उंची, दोन्ही धक्के. मॅनेजरांनी दोनदा घड्याळ पाहिले. शेवटी मॅडमनी डिस्कवरची शाल बाजूला केली, टिळा दाखवला आणि म्हणाल्या, "हे छिद्र झाकू नये. ही सूचना कोणत्या भाषेत आहे साहेब?"

"इंग्रजीत."

"कंट्रोल रूममध्ये इंग्रजी कोण वाचतं?"

मॅनेजरांनी डिस्क जवळ ओढून लेबल पाहिले.

"मी प्रत्येक डिस्क स्टोअरच्या खिडकीत वाचली. तिथे कोण ऐकतं? बोल्ट न्यायला आलेले लोक. जो माणूस दिवसभर हिच्याजवळ बसतो त्याच्यासमोर एकदाही नाही वाचली. चूक तिथे आहे, आणि ती माझ्या विभागाची आहे."

"डबा उघडायचा अधिकार याला होता का?"

"धूळ पुसायला दर महिन्याला मीच उघडायला लावते. पुसणारा हात आणि टिळा लावणारा हात एकच आहे साहेब. त्याने त्या हाताने वाईट काही केलेलं नाही."

मॅनेजरांचा हात टेबलावर आपटायला वर गेला. त्यांच्या टेबलावर त्यांचा संगणक चालू होता. हात वरच थांबला. मॅडम मेलेल्या डिस्ककडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "आपटायचंच असेल तर हिच्यावर आपटा. ही बंद आहे. पुष्कळ सोसते."

मॅनेजरांनी हात खाली आणला. "म्हणजे जबाबदारी तुम्ही घेता?"

"घेऊन नाही राहिले. ती माझीच आहे. लिहून आणलं आहे."

त्यांनी लिहून आणलेल्या अहवालात टिळा होता, तेल होते, छिद्र होते, आणि कारण निश्चित सांगता येत नाही हेही होते. एकही गोष्ट वगळलेली नव्हती. जबाबदारी या शब्दापुढे त्यांचे स्वतःचे नाव होते. त्यांना मेमो मिळाला. त्या वर्षी त्यांच्याकडे यायचे मोठे पद दुसऱ्या कोणाकडे गेले. भावाच्या कागदावर दिवाळीआधी सही झाली.

मी त्यांच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, "मॅडम, आभारी आहे."

"कशाचे? जे छापलेलं होतं ते वाचलं." त्यांनी दुसरे काही ऐकून घेतले नाही.

नवी डिस्क आली. मॅडम खिडकीशी आल्या, पिशवीत हात घातला, चष्मा शोधू लागल्या. तेवढ्यात मी माहितीपत्रक उचलले आणि उभा राहून वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. मागे रांग होती. मी मोठ्याने वाचणारा माणूस नाही, आवाज चिरकला. मॅडम हात जोडून ऐकत राहिल्या. दोन ठिकाणी माझा उच्चार दुरुस्त केला. त्यानंतर मी नोकरीत असेपर्यंत खिडकीतले वाचन मीच केले. आभार मानण्याची माझी पद्धत तेवढीच होती.

कंट्रोल रूममध्ये मात्र त्या स्वतः वाचू लागल्या, आधी मराठीत, मग हिंदीत, सगळ्या ऑपरेटरांना उभे करून. आणि पुढच्या दसऱ्याला त्यांनी जे केले ते मी विसरणार नाही. सगळ्यांना वाटले होते की पूजेवर बंदी येईल. मॅडमनी आपल्या हाताने डबा उघडला. नव्या डिस्कच्या झाकणावर, छिद्रापासून दूरच्या कोपऱ्यात, त्यांनी पांढऱ्या कागदाचा छोटा चौकोन चिकटवला होता. त्यावर बारीक, वळणदार अक्षरात लिहिले होते: टिळा येथे लावावा. सुका.

"ये," त्या माझ्या भावाला म्हणाल्या. "तुझं म्हणणं बरोबर होतं. राबतो तो आतच. फक्त त्याच्या नाकावर नको लावू."

भावाने टिळा लावला. मॅडमनी शेजारी उभे राहून नमस्कार केला आणि मग शेंगदाण्याची चिक्की वाटली.

निवृत्त होऊन त्या अकोल्याकडे परतल्या. मीही निवृत्त झालो. मधल्या काळात कारखान्याचे मालक बदलले, मॅनेजर बदलले. भाऊ आता पाळीचा प्रमुख आहे.

यंदाच्या दसऱ्याला त्याने मला कारखान्यात नेले. त्या दिवशी फाटक घरच्यांसाठी उघडे असते. कंट्रोल रूममध्ये नवे संगणक आले आहेत. त्यांतल्या डिस्कला तबकडी नाही, हेड नाही. हातात धरली तर पातळ, हलकी वडी. नवे ऑपरेटर रांगेने उभे होते, काही इथले, काही उत्तरेकडचे. भावाने माहितीपत्रक नाकासमोर धरले आणि आपल्या बोलीत वाचायला लागला. धक्क्याची ओळ आली. "ह्याला चालू-बंद सारखंच हाय," तो म्हणाला. मागून कोणी म्हणाले, "म्हणजे आता साहेब टेबल आपटणार." हशा झाला.

एकाने विचारले, "चाचा, वो छेद किधर है?"

"नाय. ह्यात हवा नाय, भोक पण नाय."

"तो फिर पढ़ने का क्यों?"

"वाचल्याबिगर लावायचा नाय," भाऊ म्हणाला, आणि पुढची ओळ वाचली. मग खिशातून पांढरा कागदी चौकोन काढला, वडीच्या कोपऱ्यात चिकटवला आणि त्यावर सुका टिळा लावला. अक्षर त्याचेच होते, पण वळण मॅडमचे.

संध्याकाळी सातपाटीला घरी येऊन मी मॅडमना संदेश पाठवला. जे पाहिले ते सगळे क्रमाने लिहिले. शेवटी, तुमच्यामुळे, एवढा एक शब्द जास्त लिहिला. माझ्या सवयीला तो बराच होता.

थोड्या वेळाने उत्तर आले. त्या शब्दाबद्दल काही नव्हते. एवढेच होते: "भाऊ, आर्द्रतेची ओळ वाचली का त्याने?"

मी आठवून पाहिले. तापमानावरून तो थेट धक्क्यावर आला होता.

मी भावाला फोन लावला. तो घरी यायला निघाला होता आणि पाळीच्या बसमध्ये बसला होता. मॅडमनी काय विचारले ते मी त्याला सांगितले.

"थांबव रे गाडी," तो ड्रायव्हरला म्हणाला. उतरला आणि परत गेला.